जुना पिकअप ट्रक घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा चालता करताना: आधी ब्रेक, शेवटी रंग

जुना पिकअप दारात येऊन उभा राहिला की मन पहिल्यांदा रंगाकडे धावतं. फिकट निळा द्यावा की गडद हिरवा, हौद्यातल्या फळ्यांना पॉलिश करावं का, हे मनातल्या मनात ठरूनही जातं. ही ओढ हवीच, तिच्याशिवाय एवढं मोठं काम कोणी अंगावर घेणार नाही. पण काम करायचं ते उलट्या टोकाकडून. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, दिसण्याचं त्यानंतर. म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, मग पत्रा आणि अगदी शेवटी रंग.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: गाडी एकदम सगळी सुटी करू नका. घरच्या गॅरेजमध्ये अर्धवट पडून राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या, त्यांची सुरुवात जवळजवळ सारखीच होती. पहिल्या दोन सुट्ट्यांत उत्साहाने सगळं खोललं, खोक्यांत भरलं, आणि वर्षभराने कोणता बोल्ट कुठला हे कुणालाच आठवेना. चाकांवर उभी असलेली गाडी ढकलून बाहेर काढता येते, जागा झाडता येते, वेळ पडली तर विकताही येते. एक विभाग खोला, पुरा करा, परत बसवा, मग पुढचा. यात काही भाग दोनदा खोलावे लागतात. माझ्या मते तो सौदा फायद्याचाच आहे.

पिकअपच का?

नवशिक्यासाठी कारपेक्षा जुना पिकअप सोपा असतो, आणि त्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी, तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली केबिन, मागे बोल्टांनी जोडलेला हौदा. हौदा तीन-चार माणसांना उचलून बाजूला ठेवता येतो. बॉनेटखाली एवढी मोकळी जागा असते की हात कुठेही अडत नाही. शेव्हरोलेची १९४७ ते १९५५ या काळातली ३१०० मालिका किंवा फोर्डने १९४८ मध्ये सुरू केलेली एफ मालिका यांसारख्या गाड्या तर अशा संख्येने बनल्या, की त्यांचे रबर, काचा, ब्रेकचे भाग, पत्र्याचे तुकडे आजही नव्याने तयार होतात. पहिल्या कामासाठी अशीच गाडी निवडा. दुर्मिळ गाडीचा मोह दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा.

घेण्याआधी

खिशात लोहचुंबक, मऊ कापडाचा तुकडा आणि एक टोकदार टोच्या घेऊन जा. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड एकदम सैल होते तिथे रंगाखाली जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरा, दारांचा तळ, पायाखालचा पत्रा, छताच्या कडेची पन्हळ आणि पुढच्या काचेखालचा भाग या गंजाच्या ठरलेल्या जागा. पाणी आणि माती तिथे साचते आणि वाळायला वाट मिळत नाही.

पत्र्यातलं भोक बघून घाबरू नका, पण चासीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. खाली सरपटत जा आणि पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा आणि केबिनचे बुश जिथे टेकतात ती जागा टोच्याने ठोकून बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील, टोच्या आत जात असेल, तर पहिल्या गाडीसाठी ती गाडी सोडून द्या. मोडलेल्या भागापेक्षा नसलेला भाग जास्त त्रास देतो, हेही लक्षात असू द्या. मोडका भाग निदान नमुना म्हणून हातात असतो. आणि चासीवर ठोकलेला क्रमांक कागदांशी जुळतो ना, हे पैसे देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

जागा, हत्यारं आणि जिवाची काळजी

काढलेल्या भागांना गाडीइतकीच जागा लागते. मडगार्ड एकावर एक रचून ठेवले की पोचे पडतात, म्हणून भिंतीला टांगण्याची सोय आधी करा.

अमेरिकन बनावटीच्या जुन्या गाड्यांचे नट इंचाच्या मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेलेच समजा. इंचाच्या गोट्यांचा (सॉकेटचा) आणि रिंग पान्यांचा संच ही पहिली खरेदी.

जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडीखाली जायचं तर चारही बाजूंनी घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या, त्याही सपाट काँक्रीटवर, आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघायची. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीही लावू नका. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. काही जुन्या, वजनदार ट्रकांना दोन तुकड्यांच्या रिम असतात. त्यातली कडी हवेच्या दाबाने सुटली तर माणूस मरू शकतो. तशी रिम दिसली तर टायरचं काम स्वतः करू नका, हवा भरताना टायर ठेवायचा लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडे द्या.

जुन्या रंगात शिसं असतं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवा मारून उडवायची नाही. पाण्याने भिजवून पुसायची आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकायचं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग करू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. अग्निशामक सिलिंडर दाराजवळ हवा, गाडीच्या पलीकडे नको.

पहिला नट

खोलण्याआधी फोटो काढा. लांबून एक, जवळून एक, आणि भाग सुटल्यावर मागची बाजू दिसेल असा एक. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट त्याच्या वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने नाव. शाई तेलाने पुसली जाते.

गंजलेला बोल्ट ही या कामातली रोजची गाठ आहे. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी सोडवण्याआधी किंचित आवळून बघा. ‘टक’ असा बारीक आवाज आला की गंजाची पकड तुटली. मग पाव फेरी सैल, जरा आवळ, पुन्हा सैल, असं करत काढा. एकाच दिशेने जोर लावला की डोकं हातात येतं आणि दांडा आत राहतो. आसपास पेट्रोल, रबर किंवा ग्रीस नसेल तर नट तापवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. आणि चाकाचा नट हलतच नसेल तर आधी स्टडच्या टोकावरचं अक्षर बघा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात.

ब्रेक आणि स्टिअरिंग

ड्रम निघत नसेल तर मागून ॲडजस्टर सैल करा आणि हबभोवती हातोडीने हलके ठोके द्या. ड्रमच्या कडेवर जोरात मारलं तर ओतीव लोखंडाचा टवका उडतो.

आत जे दिसेल त्यात दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याकडे कल ठेवा. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लायनर, स्टीलच्या नळ्या, रबरी होज, सगळं नवीन. होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगलेला असतो. मग ब्रेक ऑइल पुढे जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. नळ्यांसाठी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी घ्या, ती हाताने वाकते आणि गंजत नाही.

या गाड्यांत बहुधा चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं. कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणं हा मूळ रूपातला बदल असला तरी मी तो बिनदिक्कत करतो. जुन्या शेव्हरोलेसारख्या गाड्यांत हा सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली असतो, कुणाच्या नजरेला पडतही नाही.

डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते यांच्यात मिसळायचं नाही. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. डॉट ३ रंग खातं, म्हणूनही हे काम रंगाच्या आधी झालेलं बरं.

स्टिअरिंगसाठी एक सोपी परीक्षा. पुढचं चाक उचला, वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, झिजलेत. किंगपिन घरी काढता येतात, पण नवे बुश मापात रीम करायला लेथवाल्याकडे द्या.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनला बॅटरी लावून स्टार्टर मारणं ही सगळ्यात महाग पडणारी घाई. अडकलेली रिंग तुटते, चिकटलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढा आणि ऑइलची डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल घाला आणि चार-पाच दिवस विसरून जा. त्यानंतर क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून हळूच पुढे-मागे डोलवा. केसभर जरी हलला तरी जिंकलात; रोज तेल घालून थोडा थोडा जास्त फिरवा.

फिरायला लागला की कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपटीच्या खाली नसावा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय, आणि शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर हेडच्या गॅस्केटवर संशय घ्या.

शेव्हरोलेच्या २१६ घनइंची सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना पांढऱ्या धातूचं ओतकाम असतं आणि ऑइल बरंचसं शिंतोड्यांनी पोचतं. त्याचा गेज कमी दाब दाखवतो तो स्वभावच आहे. पण असं इंजिन जोरात पळवायचं नाही.

पेट्रोलची टाकी गाडीवरून काढा, उघडून वास घ्या. रॉकेल-वार्निशसारखा उग्र वास आला की आतलं पेट्रोल सडलंय. टाकीला वेल्डिंग मात्र घरी कधीच नको; रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ राहते आणि ती भडकते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खराब करतं. म्हणून सगळे होज आणि पेट्रोल पंपाचा पडदा नव्या प्रकारचा लावा.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढूनच स्टार्टर फिरवा, ऑइलच्या गेजचा काटा हलेपर्यंत. मग प्लग लावा. कार्ब्युरेटरच्या तोंडात उघड्या बाटलीने पेट्रोल ओतत कोणी उभं राहू नये. उलटी ज्वाळा आली की आधी हात पेटतो.

वायरिंग

कापडी वेष्टणाच्या तारा बोटांनी चुरल्या जात असतील तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) बदला, पण एक एक सर्किट करत. शेव्हरोले ट्रक १९५५ च्या मधोमध आणि फोर्ड १९५६ मध्ये १२ व्होल्टवर गेले. त्याआधीच्या गाड्या ६ व्होल्टच्या. ६ व्होल्टवर तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो. कोणीतरी मध्ये १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावून ठेवलेली असते, आणि स्टार्टर रडतो म्हणून दोष ६ व्होल्टला दिला जातो. अंगठ्याएवढी जाड केबल लावा, अर्थची (बॅटरीची तार गाडीच्या लोखंडाला जोडते ती) जागा चकचकीत घासा, स्टार्टर खणखणीत फिरेल. ६ व्होल्टच्या फोर्डमध्ये पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, हे बॅटरी जोडण्याआधी तपासा.

पत्रा

इथे वेळ द्या. सगळ्यात जास्त आनंद आणि सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात आहेत.

माझी चूक सांगतो. केबिनचा पायाखालचा पत्रा पूर्ण सडला होता. मी ग्राइंडरने तो एका दिवसात कापला, दोन्ही उंबऱ्यांसकट, आणि नवा पत्रा सुबक बसवून वेल्ड केला. संध्याकाळी दार लावायला गेलो तर ते वरच्या कोपऱ्यात चौकटीला आपटलं. खालच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. केबिनचा तळ काढल्यावर वरचा सांगाडा हळूच पसरला होता आणि मी तो पसरलेलाच कायम करून टाकला होता. सगळे वेल्डिंगचे टाके कापून पुन्हा जुळवायला सहा आठवडे गेले.

म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या आणि तिरप्या लोखंडी पट्ट्या टाक्यांनी जोडा. केबिन चासीवरच, तिच्या बुशांवर बसलेली ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. प्रत्येक तुकडा आधी पकडीने धरून दार लावून बघा, दोन-चार टाके मारून पुन्हा लावून बघा, मगच पुरा जोडा. दाराची फट हेच तुमचं मोजमाप.

ठिगळ कापताना सडलेल्या जागेच्या पुढे, चांगला पत्रा लागेपर्यंत जा. पातळ, जाळीदार झालेल्या पत्र्याला टाका धरतच नाही, भोक मोठं होत जातं. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पत्रा. कडेला कडा भिडवा, मध्ये मिलिमीटरभर फट. मिग वेल्डरला ०.६ मिमीची तार लावा आणि सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा विरुद्ध बाजूला. दोन टाक्यांमध्ये पत्र्यावर हात ठेवता आला पाहिजे. सलग ओढलेल्या वेल्डने पत्रा लाटांसारखा उठतो आणि ती लाट मग लांबीखाली लपवावी लागते.

लहान भागांचा गंज काढायला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि साधा बॅटरी चार्जर पुरतो. दर चार लिटर पाण्याला चमचाभर सोडा, निगेटिव्ह टोक भागाला, पॉझिटिव्ह टोक टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. सकाळपर्यंत गंजाची काळी भुकटी होते, ती ब्रशने निघते. त्या तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर. स्प्रिंग आणि अॅल्युमिनियमचे भाग यात घालायचे नाहीत.

रंग

उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नका. घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी ३ मिमीपेक्षा जाड लागत असेल तर पोचा अजून निघालेला नाही, पुन्हा हातोडी घ्या. लांबी नुसत्या बोटांनी घासली की बोटांच्या खाचा पडतात, म्हणून पॉलिश पेपर लांब लाकडी ठोकळ्यावर चढवा. ८०, मग १८०, मग ३२० नंबर. त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासा. जिथे काळं उरेल तो खड्डा, जिथे लगेच जाईल तो उंचवटा.

शेवटच्या रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो. साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर घासण्या-जुळवण्याचं सगळं काम घरी करा आणि रंग बूथ असलेल्या ठिकाणी मारून घ्या. चांगल्या रंगाचं बहुतेक श्रेय घासण्यालाच असतं, आणि ते तर तुमच्याच हातचं.

हौद्याच्या फळ्यांना बसवण्याआधी सहाही बाजूंनी तेल किंवा वार्निश द्या, कापलेल्या टोकांना दोनदा. बोल्टची भोकं किंचित मोठी ठेवा. लाकूड पाण्याने फुगतं, त्याला हलायला जागा हवी.

पहिले किलोमीटर

पहिली फेरी रिकाम्या, सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने, आणि तीही ब्रेकसाठी. थांबल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम गरम लागला तर तो धरून राहतोय. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, केबिनचे बुश आणि स्टिअरिंगचे जोड पुन्हा आवळा. इंजिन उघडून जोडलं असेल तर पहिलं ऑइल ८०० किलोमीटरच्या आत बदला. जुन्या प्रकारच्या टॅपेटच्या इंजिनाला जस्ताचं मिश्रण पुरेसं असलेलं ऑइल लागतं, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो.

रोज रात्री गाडीखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेने आखा. सकाळी ठिपका कुठे पडलाय त्यावरून गळती शोधता येते. मधोमध, इंजिनाच्या मागच्या टोकाखाली तपकिरी दोन-चार थेंब पडले तर जुन्या दोरीच्या सीलचं ते नेहमीचंच आहे, नोंद ठेवा आणि ऑइल तपासत राहा. रेडिएटरखाली हिरवट डाग दिसला तर होजचा क्लॅम्प आवळा. पण चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलखाली ब्रेक ऑइलचा एक ठिपका जरी दिसला, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. घोड्या लावा, चाक काढा आणि तिथून सुरुवात करा.